ऑफिसातली माणसं रिमोट सॉफ्टवेअर बंद करतात, कुलूप नेमकं कुठे लावायचं?

वाचकाचं पत्र

आमचं हेड ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, गोडाऊन आणि डिस्पॅच महाप्याच्या एमआयडीसीत. मिळून ४२ कॉम्प्युटर आणि आयटीला मी एकटा. ठाण्याचे २८ डोमेनवर, म्हणजे एका सर्व्हरच्या ताब्यात, आहेत. महाप्याचे १४ नुसते वर्कग्रुपमध्ये, म्हणजे एकेकटे, त्यातल्या चारांवर विंडोज होम आहे. सगळीकडे टाइटव्हीएनसी टाकलंय, म्हणजे मला माझ्या जागेवरून त्यांची स्क्रीन बघता आणि चालवता येते. पण लोक घड्याळाशेजारच्या आयकॉनवर जाऊन ते बंद करतात. एकाने त्याची सर्व्हिसच (मागे आपोआप चालणारा भाग) डिसेबल केली, एकाने पासवर्ड बदलला, डिस्पॅचमधल्या एकाने तर ‘मशीन स्लो होतं’ म्हणून अनइन्स्टॉल करून टाकलं. मग लेबल प्रिंटरचा एक ड्रायव्हर टाकायलासुद्धा ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून घणसोलीला उतरायचं आणि पुढे रिक्षा. टॅलीसाठी आधीच्या व्हेंडरने सगळ्यांना ॲडमिन करून ठेवलंय, म्हणजे मशीनवर काहीही बदलायचा हक्क. इंटरनेटवाला म्हणतो, राउटरवर पोर्ट उघडून द्या, घरूनही दिसेल. साहेब म्हणतात, आयकॉन लपवा, कोणाला कळायलाच नको. काय करू?

— एक सिस्टिम ॲडमिन, ठाणे

उत्तर

आधी साहेबांच्या सूचनेबद्दल, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. आयकॉन लपवून तुमचं काम होणार नाही आणि गुपचूप तर मुळीच चालवू नका. ज्याने सर्व्हिस डिसेबल केली त्याला आयकॉनची गरजच नव्हती, तो थेट सर्व्हिसेसच्या यादीत गेला. तुमच्याकडचं दुखणं तुम्ही पत्रात जाता जाता एका वाक्यात लिहिलंय: सगळे ॲडमिन आहेत. ॲडमिन असलेल्या माणसापासून त्याच मशीनवरची कुठलीही गोष्ट वाचवता येत नाही. आज तुम्ही सर्व्हिसला परवानग्यांचं कुलूप लावाल, उद्या तो परवानग्याच बदलेल. उलट साध्या, म्हणजे स्टँडर्ड, खात्याला विंडोज मुळातच सर्व्हिस थांबवू देत नाही, प्रोग्रॅम फाइल्समधलं सॉफ्टवेअर काढू देत नाही आणि फायरवॉलचे नियम बदलू देत नाही. तुम्हाला हव्या असलेल्या संरक्षणाचा मोठा भाग विंडोजमध्ये तयार आहे. तो फक्त चालू करायचा आहे.

त्याआधी एक खात्री करून घ्या. मशीन जोडलं गेलं नाही की संशय माणसावर जातो, पण अनेकदा दोष त्याचा नसतो. महाप्याचं मशीन दिसत नसेल तर चार गोष्टी बघा. ते स्लीपमध्ये गेलंय का? डीएचसीपीमुळे (राउटर आपोआप पत्ते वाटतो ती सोय) त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बदललाय का? राउटर बदलल्यावर किंवा नवा वाय-फाय जोडल्यावर विंडोजने नेटवर्कचं प्रोफाइल ‘प्रायव्हेट’वरून ‘पब्लिक’ केलंय का? तुमचा फायरवॉल नियम फक्त डोमेन आणि प्रायव्हेटसाठी असेल तर प्रोफाइल बदलताच तो लागू होत नाही आणि कोणी हात न लावता रिमोट बंद पडतं. चौथं म्हणजे अँटिव्हायरस. व्हीएनसीसारखी सॉफ्टवेअर्स चोरटेही वापरतात, त्यामुळे काही अँटिव्हायरस त्यांना ‘रिस्कवेअर’ म्हणून बाजूला टाकतात. क्वारंटाइनची यादी उघडून बघा आणि टाइटव्हीएनसीचं फोल्डर अपवादात घाला.

माणसाने केलं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये खुणा सापडतात. ‘सिस्टिम’ लॉगमध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरचा ७०४० क्रमांक म्हणजे कोणीतरी सर्व्हिसचा स्टार्टअप प्रकार बदलला. ७०३४ म्हणजे सर्व्हिस अचानक मेली, हे बहुतेक वेळा क्रॅश असतं. ‘ॲप्लिकेशन’ लॉगमध्ये एमएसआय इन्स्टॉलरचा ११७२४ म्हणजे सॉफ्टवेअर काढलं गेलं. ७०४० च्या नोंदीत कोणाच्या खात्यावरून बदल झाला तेही दिसतं. हे बघितल्याशिवाय कोणालाही बोलू नका.

आता राइट्स काढण्याचं काम. एका मशीनवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि ‘नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स’ ही कमांड चालवा. कोण कोण ॲडमिन आहे ते दिसेल. ठाण्याच्या मशीन्सवर तिथे ‘डोमेन यूजर्स’ हा अख्खा गटच दिसण्याची दाट शक्यता आहे, कारण घाईत असलेले व्हेंडर नेमकं हेच करतात. याचा अर्थ तुमच्या डोमेनवरचा प्रत्येक माणूस प्रत्येक मशीनचा मालक आहे. रिसेप्शनवरून लॉगिन करणारा अकाउंट्सच्या मशीनवरही ॲडमिन.

काढताना क्रम चुकवू नका. आधी तुमचं वेगळं लोकल ॲडमिन खातं तयार करा, पासवर्ड द्या, त्या खात्याने एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून बघा आणि मगच बाकीच्यांना त्या गटातून काढून साध्या ‘यूजर्स’ गटात ठेवा. हे उलट केलंत आणि मशीनवर एकही चालू ॲडमिन उरला नाही, तर विंडोज पुन्हा टाकायची वेळ येऊ शकते, कारण विंडोजचं मूळचं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खातं सहसा बंद असतं. बदल केल्यावर युजरला लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला लावा. राइट्स लॉगिनच्या वेळी ठरतात, त्यामुळे चालू सेशनमध्ये तो ॲडमिनच राहतो आणि आपल्याला वाटतं की काही झालंच नाही. डोमेनवर हे ग्रुप पॉलिसीच्या (सगळ्या मशीन्सना एकाच जागेवरून नियम लावायची सोय) प्रेफरन्सेसमधल्या ‘लोकल यूजर्स अँड ग्रुप्स’मधून एकदम करता येतं. तिथे गटातले सगळे जुने सदस्य काढण्याच्या दोन्ही खुणा करा, पण त्याच ठिकाणी ‘डोमेन ॲडमिन्स’ आणि तुमचं आयटीचं खातं घालायला विसरू नका. विंडोज होमवर ग्रुप पॉलिसी नाही. तिथे सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर यूजर्स, मग ‘चेंज अकाउंट टाइप’ असं एकेक करून बदलावं लागेल. चारच मशीन्स आहेत, अर्ध्या दिवसाचं काम.

लगेच फोन सुरू होतील. टॅली उघडत नाही, लेबल छापत नाही, डिजिटल सही होत नाही. इथेच बहुतेक ठिकाणी धीर सुटतो आणि सगळ्यांना परत ॲडमिन केलं जातं. प्रत्यक्षात या प्रोग्रॅम्सना ॲडमिन हवा नसतो, एखाद्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी हवी असते. टॅलीचा डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्ये असेल तर तो डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, टॅलीच्या कॉन्फिगरेशनमध्ये नवा पाथ द्या आणि त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट इथे जाऊन फक्त टॅली वापरणाऱ्यांच्या गटाला ‘मॉडिफाय’ द्या. ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊ नका. डेटा हलवण्याआधी टॅलीचा बॅकअप घ्या, आणि हलवताना कोणाच्याही मशीनवर टॅली उघडी नको.

बाकीच्या हट्टी प्रोग्रॅम्ससाठी मायक्रोसॉफ्टचं ‘प्रोसेस मॉनिटर’ हे फुकट साधन वापरा. साध्या खात्यातून लॉगिन करा, प्रोसेस मॉनिटर तुमच्या ॲडमिन पासवर्डने चालवा, फिल्टरमध्ये ‘रिझल्ट’ समोर ‘ॲक्सेस डिनाइड’ ठेवा आणि दुसरा फिल्टर त्या प्रोग्रॅमच्या नावाचा लावा. मग तो प्रोग्रॅम चालवा. कुठल्या फाइलला किंवा रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) कुठल्या कीला नकार मिळतोय ते ओळीने दिसेल. तेवढ्याच जागेला परवानगी द्या. लेबल प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा टेम्पलेटचं एखादं फोल्डर सापडतं. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर एकदाच ॲडमिनने टाकायचा असतो, रोजच्या सहीसाठी आधी साध्या खात्यातून करून बघा. एखादं पोर्टलचं युटिलिटी खरोखरच ॲडमिनशिवाय चालत नसेल तर सह्यांसाठी एकच वेगळं मशीन ठेवा, त्यापायी अख्ख्या अकाउंट्सला ॲडमिन करू नका.

राइट्स काढले तरी टाइटव्हीएनसीची स्वतःची दारं उघडी असतात, ती वेगळी बंद करावी लागतात. पहिलं बघा की ते सर्व्हिस म्हणून चालतंय की साधा प्रोग्रॅम म्हणून. ‘ॲप्लिकेशन मोड’मध्ये टाकलं असेल तर ते युजरच्याच खात्यात चालतं आणि आपल्या खात्यातला कुठलाही प्रोग्रॅम माणूस टास्क मॅनेजरमधून मारू शकतो, त्याला ॲडमिन असावं लागत नाही. सर्व्हिस मोडमध्ये ते ‘सिस्टिम’ खात्याखाली चालतं, तिथे साध्या युजरचा हात पोचत नाही. त्याला टास्क मॅनेजरमध्ये आयकॉनचा छोटा प्रोग्रॅम मारता येईल, पण मग आयकॉन जाईल, सर्व्हिस चालूच राहील. सर्व्हिस मोडचा तुम्हाला दुसराही उपयोग आहे. आता ड्रायव्हर टाकताना विंडोज ॲडमिनचा पासवर्ड विचारेल. ती खिडकी सर्व्हिस मोडमध्येच तुम्हाला दूरवरून दिसते आणि भरता येते, ॲप्लिकेशन मोडमध्ये त्या क्षणी स्क्रीन अडकते.

मग कॉन्फिगरेशनमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ टॅब उघडा आणि ‘कंट्रोल इंटरफेस’साठी पासवर्ड लावा. हा जोडणीच्या पासवर्डपेक्षा वेगळा आहे. तो लावला की आयकॉनवरून कॉन्फिगरेशन उघडायला, जोडलेल्याला तोडायला किंवा सर्व्हर बंद करायला हा पासवर्ड मागितला जातो. आयकॉन सर्व्हिसशी थेट बोलत असतो, म्हणून युजर साधा असला तरी हा पासवर्ड ठेवाच. तुमच्याकडे ज्याने पासवर्ड बदलला, तो बहुधा याच दारातून गेला असणार.

पुढे ‘ॲक्सेस कंट्रोल’ टॅब. इथे कुठल्या आयपीवरून जोडता येईल ते ठरतं. पहिल्या ओळीत तुमच्या मशीनचा स्थिर आयपी आणि परवानगी, शेवटच्या ओळीत ०.०.०.० ते २५५.२५५.२५५.२५५ आणि नकार. खाली एखादा आयपी टाकून नियम तपासायची जागा आहे. तुमचा आयपी आणि कुठलातरी भलता आयपी दोन्ही टाकून बघा, मगच ‘अप्लाय’ करा. तुमच्या मशीनचा आयपी राउटरवर कायमचा बांधून घ्या, नाहीतर एखाद्या सकाळी तुम्हीच बाहेर राहाल.

या नियमाला आणखी एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात गंभीर वाटतं. जुन्या पद्धतीचा व्हीएनसी पासवर्ड फक्त आठ अक्षरांचा असतो. तुम्ही पंधरा टाकली तरी पहिली आठच मोजली जातात. शिवाय तो रजिस्ट्रीत ज्या पद्धतीने लपवून ठेवला जातो ती सगळ्या जगाला ठाऊक आहे, मूल्य मिळालं की पासवर्ड काढायला मिनिटभरही लागत नाही. ४२ मशीन्सवर एकच पासवर्ड असेल तर डिस्पॅचमधला कोणीही आपल्या मशीनवरून तो वाचून पगारपत्रक बनवणाऱ्या मॅडमची स्क्रीन उघडून बसू शकतो. तेव्हा ‘एचकेएलएम, सॉफ्टवेअर, टाइटव्हीएनसी, सर्व्हर’ या कीच्या परवानग्यांमध्ये ‘यूजर्स’ला वाचायचा हक्क आहे का ते बघा. असेल तर वारसा (वरच्या कीकडून आपोआप आलेल्या परवानग्या) तोडून फक्त ‘सिस्टिम’ आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ ठेवा. एका मशीनवर करून, रीस्टार्ट करून, जोडून बघा आणि मगच सगळीकडे करा. अकाउंट्स आणि एचआरच्या मशीन्सना वेगळा पासवर्ड द्या. उद्या दुसरं सॉफ्टवेअर घेतलंत तरी अशी सोय मिळेल. अल्ट्राव्हीएनसीच्या आयएनआय फाइलमध्ये शटडाउन आणि प्रॉपर्टीज बंद करायच्या ओळी असतात. टीमव्ह्यूअरमध्ये बदलांसाठी ॲडमिन मागायची आणि बंद करणं रोखायची सोय आहे.

यानंतरही सर्व्हिस कधी पडली तर ती आपोआप उठली पाहिजे. सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रिकव्हरी’ टॅबवर पहिल्या, दुसऱ्या आणि पुढच्या सगळ्या अपयशांना ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’, एक मिनिटाने, असं ठेवा. याची मर्यादा लक्षात घ्या: हे फक्त सर्व्हिस कोसळली तरच चालतं. कोणी रीतसर ‘स्टॉप’ केली तर विंडोज त्याला अपयश मानत नाही आणि परत उठवत नाही.

ठाण्याच्या डोमेनवर ही उणीव ग्रुप पॉलिसीने बऱ्याच अंशी भरते. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, विंडोज सेटिंग्ज, सिक्युरिटी सेटिंग्ज, सिस्टिम सर्व्हिसेस. तिथे टाइटव्हीएनसी निवडून ‘ऑटोमॅटिक’ ठेवा आणि ‘एडिट सिक्युरिटी’मध्ये ‘सिस्टिम’ व ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ना पूर्ण हक्क, ‘इंटरॲक्टिव्ह’ला फक्त वाचन द्या. ‘सिस्टिम’ला यादीतून काढायचा मोह आवरा, तो काढला की विंडोजलाच सर्व्हिस सांभाळता येत नाही. यादीत टाइटव्हीएनसी दिसत नसेल तर घाबरू नका. जिथे बसून तुम्ही पॉलिसी लिहिता त्या मशीनवर जे बसवलेलं असतं तेवढंच तिथे दिसतं, म्हणून ज्या मशीनवर टाइटव्हीएनसी आहे तिथून पॉलिसी उघडा. पॉलिसी साधारण ९० मिनिटांनी, अधिक अर्ध्या तासापर्यंतच्या फरकाने, ताजी होते. पण बदल नसलेल्या सुरक्षा सेटिंग्ज पुन्हा लागू व्हायला १६ तास लागू शकतात. म्हणजे कोणी सकाळी छेडछाड केली तर पॉलिसी ती लगेच दुरुस्त करेल असं धरून चालू नका. तिथेच गाडी अडली असेल तर ‘जीपीअपडेट’ फोर्सने चालवा.

महाप्याला डोमेन नाही, म्हणून तिथे टास्क शेड्युलर कामाला लावा, तो विंडोज होमवरही असतो. एक टास्क तयार करा. खातं ‘सिस्टिम’, ‘हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ची खूण, ट्रिगर मशीन सुरू होताना आणि त्यानंतर दर १० मिनिटांनी कायमचा. त्यात दोन कृती क्रमाने घाला: आधी ‘एससी कॉन्फिग’ने टीव्हीएनसर्व्हर या (टाइटव्हीएनसीच्याच) सर्व्हिसचा स्टार्टअप प्रकार ऑटो करायचा, मग ‘एससी स्टार्ट’ने ती सुरू करायची. पहिली कृती नसेल तर डिसेबल केलेली सर्व्हिस सुरूच होत नाही, १०५८ ही चूक देऊन थांबते. ‘एससी कॉन्फिग’ लिहिताना ‘स्टार्ट’नंतरच्या बरोबरच्या चिन्हापुढे एक जागा मोकळी सोडावी लागते, बरेच जण तिथेच अडतात. ‘कंडिशन्स’मध्ये लॅपटॉपसाठी ‘चार्जर लावला असेल तरच’ ही खूण आपोआप असते, ती काढा. टास्कच्या शेवटच्या निकालात ‘०एक्स४२०’ दिसलं तर ती चूक नाही: सर्व्हिस आधीपासून चालू होती, एवढाच त्याचा अर्थ. हेच तिथे बहुतेक वेळा दिसायला हवं. ‘०’ दिसला तर समजा की सर्व्हिस बंद होती आणि आत्ता टास्कने उठवली.

इंटरनेटवाल्याचं मात्र ऐकू नका. राउटरवर ५९०० पोर्ट, म्हणजे व्हीएनसीचं दार, उघडणं म्हणजे आठ अक्षरांच्या पासवर्डवर सगळं ऑफिस रस्त्यावर ठेवणं. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अखंड फिरत असतात. टाइटव्हीएनसी पासवर्डाची देवाणघेवाण सोडली तर बाकी काही एन्क्रिप्ट करत नाही. तुम्ही दूरवरून विंडोजच्या खिडकीत टाइप केलेला ॲडमिन पासवर्डसुद्धा उघडाच जातो. आता राइट्स काढल्यामुळे तो पासवर्ड तुम्हाला वरचेवर टाइप करावा लागणार आहे, तेव्हा ही जोखीम वाढते.

त्याऐवजी ठाणे आणि महापे यांच्यात व्हीपीएन टाका, म्हणजे इंटरनेटवरूनच पण एन्क्रिप्ट केलेला खासगी रस्ता. तुमच्या राउटरमध्ये वायरगार्ड (व्हीपीएनचाच एक प्रकार) असेल तर तेच, नसेल तर दोन्हीकडे एकेक छोटं कायम चालू राहणारं मशीन पुरतं. स्थिर आयपी एका बाजूला असला तरी चालतो, तिथे फक्त यूडीपी ५१८२० हा वायरगार्डचा पोर्ट उघडायचा. दुसऱ्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाहीतर काही वेळ शांत राहिल्यावर जोडणी निपचित पडते. आणि दोन्ही ऑफिसांचे आयपी तपासा. राउटरने दिलेलं १९२.१६८.१ दोन्हीकडे तसंच ठेवलं असेल तर व्हीपीएन लागूनही एकही मशीन सापडणार नाही. महाप्याचं नेटवर्क १९२.१६८.२० वर हलवा. त्यात प्रिंटर आणि हजेरीचं यंत्र यांचे स्थिर आयपीही बदलावे लागतील, ते आधी कागदावर लिहून काढा. मग दोन्हीकडे विंडोज फायरवॉलमध्ये ५९०० चा नियम फक्त तुमच्या आयपीपुरता ठेवा आणि तिन्ही प्रोफाइलना लागू करा.

इतकं करूनही माणूस लॅनची वायर काढू शकतो. त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही आणि शोधूही नका. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून पासवर्ड उडवता येतात, म्हणून बायोसला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जना) पासवर्ड लावा आणि यूएसबी बूट बंद करा. एवढं पुरे.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही ते. लोक हे बंद का करतात? डिस्पॅचवाल्याने कारण सांगितलं, मशीन स्लो होतं. ते खोटं नसावं. जुन्या मशीनवर कोणी जोडलेलं असताना स्क्रीन सारखी वाचली जाते आणि फरक जाणवतो. तुमचं काम झाल्यावर जोडणी तोडायची सवय लावा, तासन्‌तास उघडी ठेवू नका. बाकीच्यांना बहुधा वाटतं की साहेब बसून बघतायत. ते वाटणं समजण्यासारखं आहे. जेवणाच्या सुट्टीत कोणी बँकेचं खातं उघडतं, कोणी आईचा रिपोर्ट उघडतं. कॉम्प्युटर कंपनीचा असला तरी ती माणसं आहेत. अचानक वॉलपेपर नाहीसा होतो आणि माउस आपोआप हलतो, यात घाबरण्यासारखं काहीच नाही असं आपल्याला वाटतं, कारण माउस आपण हलवत असतो.

म्हणून ‘ॲक्सेस कंट्रोल’मध्येच जोडण्याआधी युजरला विचारायची सोय चालू करा. तुमच्या आयपीच्या ओळीत ‘अलाउ’ऐवजी ‘क्वेरी’ निवडायचं आणि खाली वेळ द्यायची. अकाउंट्स आणि एचआरला ३० सेकंद आणि उत्तर न आल्यास नकार. गोडाऊनच्या मशीन्सवर कोणी समोर नसतं, तिथे २० सेकंद आणि उत्तर न आल्यास परवानगी. आयकॉन सगळीकडे दिसू द्या. कुलूप घट्ट असलं की आयकॉन दिसण्याने काही बिघडत नाही.

लॉगिनच्या आधी सूचना दिसेल असं करा. डोमेनवर ‘सिक्युरिटी ऑप्शन्स’मध्ये ‘इंटरॲक्टिव्ह लॉगऑन’चा मजकूर टाकायची जागा आहे. मजकूर मराठीतच ठेवा, हवं तर खाली हिंदी:

“हा कॉम्प्युटर कंपनीचा आहे. दुरुस्ती आणि मदतीसाठी यावर रिमोट सॉफ्टवेअर बसवलेलं आहे. आयटी विभाग जोडण्याआधी स्क्रीनवर विचारेल. स्क्रीन रेकॉर्ड केली जात नाही. हे सॉफ्टवेअर बंद करू नये, त्रास होत असल्यास आयटीला फोन करावा.”

यातलं प्रत्येक वाक्य खरं असलं पाहिजे. गोडाऊनच्या मशीन्सवर विचारल्यानंतर २० सेकंदांनी जोडणी होते, तेही तिथल्या सूचनेत लिहा. साहेबांना रेकॉर्डिंग हवं असेल तर तो वेगळा विषय आहे आणि तो असा आडून आणू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नोकरीशी संबंधित आणि कंपनीचं नुकसान टाळण्याच्या कारणांसाठी माहिती वापरायला वाव देतो, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण तो वाव गुपचूप स्क्रीन बघायचा परवाना नाही. साहेबांना सांगायचं असेल तर एवढंच सांगा: लपवलेलं सॉफ्टवेअर एक दिवस कोणीतरी शोधतोच, आणि त्या दिवसानंतर आयटीच्या कुठल्याच सूचनेवर कोणी विश्वास ठेवत नाही. तुम्ही कधी, कोणाच्या मशीनला, कशासाठी जोडलात याची वही किंवा एक्सेल ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, त्यातच ही नोंद ठेवली तर शंका आली तेव्हा दाखवता येते.

सुरुवात महाप्याच्या दोन मशीन्सपासून करा, त्यातलं एक लेबल छापणारं घ्या. महिनाअखेर आणि जीएसटीच्या तारखा सोडून मधला आठवडा निवडा. तो आठवडा सुरळीत गेला की बाकीचं महापे, मग ठाणे, आणि अकाउंट्स सगळ्यात शेवटी. ज्याने अनइन्स्टॉल केलं त्याच्यावर कारवाई मागू नका. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं आणि मशीनने त्याला अडवलंही नाही. त्याचं मशीन खरंच स्लो आहे का ते मात्र बघा. साध्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावून मिळाली तर तो तुमचं पुढचं सगळं ऐकेल. मशीन विंडोज १० वर असेल तर ते कामही आत्ताच हाती घ्या, त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

शेवटी पासवर्ड. फोनवरून कोणालाही ॲडमिन पासवर्ड सांगू नका, कितीही घाईची गाडी दारात उभी असली तरी. एकदा सांगितला की तो दुसऱ्या दिवशी टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर असतो. ठाण्याच्या डोमेनवर विंडोज लॅप्स लावा. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आहे. ते प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देतं आणि आपोआप बदलतं, मूळ सेटिंग ३० दिवसांचं आहे. महाप्याला १४ वेगळे पासवर्ड हाताने ठेवावे लागतील, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. तुम्ही एकटे आहात, म्हणून त्याचा मुख्य पासवर्ड आणि व्हीपीएनच्या किल्ल्या छापून, पाकीट सील करून साहेबांच्या तिजोरीत ठेवा आणि पासवर्ड बदलला की पाकीटही बदला.